नाथसागरावरचा पांढरा पक्षी कोणता?

प्रश्न : जानेवारीत जायकवाडीच्या नाथसागरावर राखाडी पंखांचे, लाल चोचीचे पांढरे पक्षी थव्याने दिसले. हे समुद्रपक्षी इतक्या आत कसे? बगळे तर नव्हेत?
– एक वाचक, पैठण

उत्तर : बगळे नव्हेत, हे कुरव, म्हणजे इंग्रजीतले ‘गल’. किनाऱ्याइतकेच मोठे जलाशयही त्यांना मानवतात. तुम्ही पाहिलेले बहुधा तपकिरी डोक्याचे कुरव असावेत. पण हिवाळ्यात त्यांचं डोकं पांढरंच असतं, डोळ्यामागे फक्त एक गडद ठिपका उरतो. इथेच बहुतेकांची फसगत होते. तपकिरी टोपी चढते ती फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास. मग ते विणीसाठी लडाखमधल्या त्सो कारसारख्या सरोवरांकडे आणि तिबेटच्या पठाराकडे निघतात.

काळ्या डोक्याचा कुरव अगदी असाच दिसतो, म्हणून डोकं सोडा आणि उडताना पंखाचं टोक बघा. काळ्या टोकात पांढरे ठळक ठिपके असतील तर तपकिरी डोक्याचा. पंखाच्या पुढच्या कडेला लांब पांढरी पट्टी असेल आणि काळा रंग फक्त मागच्या कडेला, तर काळ्या डोक्याचा. बसलेल्या पक्ष्याचा डोळा दुर्बिणीतून पाहा: प्रौढ तपकिरी डोक्याच्या कुरवाचं बुबुळ फिकट, दुसऱ्याचं गडद. शेपटीच्या टोकाला काळी पट्टी दिसली तर ते पहिल्या वर्षाचं पिल्लू. त्याच्या पंखात ते पांढरे ठिपके शोधू नका, नसतात.

शेपटी दुभंगलेली आणि चोच पिवळी असेल, तर तो नदी सुरय. तो पाण्यात सूर मारतो. कुरव बहुधा वरवरचं उचलतो.

आणि कृपा करून त्यांना शेव-फरसाण टाकू नका. मासे-किडे खाणाऱ्या पक्ष्याचं त्याने पोट भरतं, पोषण होत नाही.