जुनं गॅस्केट स्कॅन करून नवीन कापलं, तरी बोल्टची भोकं जुळत नाहीत

प्रश्न : पंपाचं जुनं गॅस्केट (जोडातली गळती थांबवणारं पॅकिंग) स्कॅन केलं, डीएक्सएफ (ड्रॉइंगची) फाइल बनवून सीएनसीवर (कॉम्प्युटरवर चालणाऱ्या कापणीच्या मशीनवर) ३ मिमी रबर कापून घेतलं, पण भोकं सरकलेलीच येतात. मशीनचा दोष का? आणि टेफ्लॉनचं गॅस्केट लेझरवर कापलं तर चालेल का?

उत्तर : मशीनवर एवढ्यात संशय घेऊ नका हो, जुनं गॅस्केट दाबाखाली राहून पसरलेलं असतं, काढताना ताणलं जातं, मग त्याची कॉपी चुकणारच. माप फ्लँजचं (पंपाच्या ज्या बोल्टच्या कडेवर गॅस्केट बसतं तिचं) घ्या, व्हर्नियरने, भोकांच्या सेंटरपासून सेंटरपर्यंत, आणि ड्रॉइंग १:१ स्केलमध्ये मिमीतच आहे ना ते बघा, इंच-मिमीच्या गोंधळात कितीतरी शीट वाया जातात. आधी पुठ्ठ्यावर एक पीस कापून फ्लँजवर बसवून बघा, मगच रबर लावा.

टेफ्लॉन मात्र लेझरवर अजिबात नको! जळताना हायड्रोजन फ्लोराइडसारखे विषारी वायू निघतात, पीव्हीसीतून हायड्रोजन क्लोराइड निघतो, तो फुप्फुसांनाही वाईट आणि मशीनलाही गंज लावतो. टेफ्लॉनला ऑसिलेटिंग नाइफ (वेगाने वर-खाली हलणारं पातं) किंवा वॉटरजेट (जोरदार दाबाच्या पाण्याची धार) वापरा, दोन्हीत मटेरियल जळत नाही. फक्त नाइफने अगदी बारीक भोकं नीट गोल येत नाहीत, ती पंचने मारा.