चौकातला डेव्हिड: पुतळा, मूर्ती की शिल्प?

फ्लॉरेन्सवरच्या एका लेखाचं मराठी भाषांतर करणाऱ्या वाचकाच्या दोन शंका आहेत. तिथल्या ‘पिआत्सा देल्ला सिन्योरिया’ला चौक म्हणावं का, कारण तिथे काही चार रस्ते एकमेकांना छेदत नाहीत. आणि त्या जागी उभ्या असलेल्या मायकेलअँजेलोच्या डेव्हिडला काय म्हणायचं: पुतळा, मूर्ती की शिल्प?

चौक खुशाल लिहा. रस्ते मिळतात तो चौक, हे सिग्नलवर थांबून थांबून आपल्या डोक्यात पक्कं झालंय, पण वाड्याचा चौक आठवा. चहूबाजूंनी सोपे, मधे उघडं आभाळ. फ्लॉरेन्सची जागा या चौकाच्या जवळची. ती चौरस नाही, काटकोनात वळलेली आहे, पण पिआत्सा शब्दाचा तरी चौरसाशी कुठे संबंध आहे? तो ‘रुंद रस्ता’ अशा अर्थाच्या लॅटिन शब्दावरून आलाय. ‘चौरस’ तेवढं लिहू नका, भूमितीची वही आठवते. सिन्योरिया म्हणजे नगराचं नऊ जणांचं सरकार, दर दोन महिन्यांनी बदलणारं. त्यांचा मुक्काम असे त्या वाड्यावरची मोठी घंटा वाजली की नागरिक खाली गोळा व्हायचे. तिचा आवाज हंबरल्यासारखा, म्हणून तिचं नावच ‘गाय’. आपल्या भाषेत ‘चावडीपुढचा चौक’ म्हटलं की चित्र लगेच उभं राहतं.

आता डेव्हिड. माझं मत पुतळा. पण ‘देवाची ती मूर्ती, माणसाचा तो पुतळा’ हा शाळेतला नियम इथे पुरत नाही. सिंधुदुर्गावर राजाराम महाराजांनी बांधलेल्या शिवराजेश्वराच्या देवळात शिवाजी महाराजांची मूर्ती आहे. तेच महाराज गावच्या चौकात घोड्यावर बसले की पुतळा होतात. मूर्तीची प्रतिष्ठापना, पुतळ्याचं अनावरण. रागावलेले लोक पुतळा जाळतात, मूर्ती जाळली असं कुणी म्हणत नाही. म्हणजे शब्द ठरतो तो जागेवरून आणि समोरचा माणूस हात जोडतो की मान वर करून बघतो, यावरून.

डेव्हिडची तर गोष्टच ही आहे. मायकेलअँजेलोला हे काम मिळालं ते कॅथीड्रलसाठी. बायबलमधला हा वीर देवळाच्या माथ्यावर चढायचा होता. तसा चढला असता तर मूर्ती म्हणायला मी फार खळखळ केली नसती. पण तो उभा कुठे करायचा हे ठरवायला 1504 च्या जानेवारीत जाणत्यांची बैठक बसली, लिओनार्दो आणि बोत्तिचेल्ली हे चित्रकारसुद्धा होते, आणि पाच मीटरहून उंच असा तो संगमरवरी देह शेवटी सरकारवाड्याच्या दाराशी आला. कारखान्यातून तिथवर ओढत आणायला चार दिवस लागले. वाटेत रात्री कुणीतरी त्याच्यावर दगडही मारले. दगड खाल्ले म्हणजे पुतळाच की! 1873 मध्ये मूळ डेव्हिड संग्रहालयात नेला. चौकात आज आहे ती 1910 ची प्रतिकृती, तेव्हा लेखात तो शब्द गाळू नका.

जाता जाता, पुतळा-पुतळी या शब्दांचा इटलीशी एक खरा धागा आहे, मात्र तो फ्लॉरेन्सशी नव्हे, व्हेनिसशी. तिथल्या सोन्याच्या नाण्यावर संत मार्क आणि त्याच्यापुढे गुडघे टेकलेला व्हेनिसचा प्रमुख असे. आपल्याकडे ते नाणं आलं आणि त्यावरच्या आकृत्यांमुळे ‘पुतळी’ झालं. पुतळ्यांची माळ ती हीच.

शिल्प हा शब्द मी राखून ठेवतो. मोठा आहे, भिंतीवरचं कोरीवकाम, लेणी, सगळं पोटात घेतो, म्हणून डेव्हिडसाठी सैल पडतो. पण त्याच चौकाच्या कडेला कमानींच्या ओसरीत जाम्बोलोन्या या शिल्पकाराचं काम आहे: एकाच दगडातून वर पिळवटत गेलेली तीन शरीरं, खाली दबलेला म्हातारा, मधे तरुण, त्याच्या हातांत निसटू पाहणारी बाई. त्याने ते घडवलं तेव्हा विषय मनात नव्हता, रोमन लोकांनी पळवलेल्या सॅबाईन जमातीतल्या स्त्रीच्या अपहरणाचं नाव मागून चिकटलं. ज्याला ‘हा कुणाचा?’ असं विचारताच येत नाही, त्याला पुतळा कसं म्हणणार? तिथे शिल्प लिहा. त्याच चौकातल्या कोसिमो या फ्लॉरेन्सच्या राज्यकर्त्याचा मात्र सरळ ‘अश्वारूढ पुतळा’, त्यात वाद नाही.