सपोर्टमध्ये अडकले, आता डेव्हलपर कधी होणार?

काटोलकडची, बीसीसीए (कॉमर्समधली संगणकाची पदवी) झालेली मुलगी. परसोडीच्या आयटी पार्कमधल्या एका कंपनीत अ‍ॅप्लिकेशन सपोर्टला, म्हणजे सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांच्या तक्रारी ('तिकिटं') सोडवायच्या कामाला होती. (ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलले आहेत.) "मॅडम, बॅचमधले सगळे पुण्याले गेले. मी इथं तिकिटंच बंद करत बसली. आता तर एआय आलं जी!" जावा, पायथन, क्लाउड असे तीन क्लास लावून तिने अर्धवट सोडले होते. आता वडील कर्ज काढून डेटा सायन्सची फी भरणार होते.

सपोर्टपासून सुरुवात झाली की करिअर बसलं, ही भीती मी नागपुरात सतत ऐकते. मला ती पटत नाही.

मी तिला म्हटलं, सगळ्यात अवघड गेलेलं एक तिकीट समजावून सांग. महिनाअखेरीला बिलिंगचा रिपोर्ट लटकायचा. लॉग (सिस्टिमच्या नोंदी), क्वेरी (डेटाबेसला विचारलेला प्रश्न), लाखो ओळींचं टेबल, सगळं ती भराभर सांगत गेली. शेवटी टेबलच्या एका कॉलमवर इंडेक्स (शोध झटपट व्हावा म्हणून पुस्तकामागे असते तशी सूची) लावला आणि रिपोर्ट पळाला. "तोच कॉलम का?" यावर मात्र ती थांबली. सीनियरने सांगितलं, म्हणून.

तिचा अभ्यासक्रम तिथेच सुरू होत होता. माहिती टेबलांत ठेवणाऱ्या रिलेशनल डेटाबेसची कल्पना संगणकशास्त्रज्ञ एडगर कॉडने 1970मध्ये मांडली, लिनक्स ही ऑपरेटिंग सिस्टिम 1991ची. दोन्हींवर आजही बँका चालतात. वेबसाइटवर हलती चित्रं दाखवणारं फ्लॅश मात्र 2020अखेर बंद झालं. दरवर्षी नव्या नावामागे धावणाऱ्याचा पाया कधी भरतच नाही. म्हणून ठरवलं: सहा महिने फक्त एसक्यूएल (डेटाबेसशी बोलायची भाषा) आणि लिनक्स, तेही स्वतःच्या तिकिटांवर. तिकीट बंद केलं की मूळ कारण वहीत लिहायचं. क्वेरी एआयकडून खुशाल लिहून घ्यायची, पण एक्झिक्युशन प्लॅन (डेटाबेस ती क्वेरी कशी चालवणार, त्याचा आराखडा) स्वतः वाचल्याशिवाय चालवायची नाही.

वडिलांशी वेगळं बोलले. नागपूरच्या मिहान औद्योगिक क्षेत्रात टीसीएस, इन्फोसिस, एचसीएल आहेत, तरी पुण्यात संधी जास्त, हे मी लपवलं नाही. जाऊ द्या, पण दाखवण्यासारखं काम हातात आल्यावर. कर्ज त्यांनी थांबवलं.

एक मात्र बजावते: वर्षभर नुसते पासवर्ड रीसेट करायला लावत असतील, लॉग बघायलाही देत नसतील, तर ती नोकरी सोडावी.

तिने नुकतीच कंपनीतच डेटाबेस टीमसाठी मुलाखत दिली. या वेळी नाही झालं. बॅकअप-रिकव्हरी कच्ची आहे म्हणाले. सध्या तेच शिकतेय.