वाटाण्याच्या डाळीचे सूप घट्ट आणि मऊसूत कसे करावे?

सूप पाणचट होते आणि डाळ तळाशी वेगळी राहते, या तुमच्या अडचणीचे कारण बहुधा अपुरे शिजणे हेच आहे. सुमारे २०० ग्रॅम डाळीला एक लिटर पाणी घ्यावे. डाळ सोललेली व दुभंगलेली असल्याने ती भिजवण्याची गरज नसते. आधी बारीक चिरलेला कांदा, गाजर आणि सेलरी तेलात मंद आचेवर परतावी, कांदा पारदर्शक झाला की धुतलेली डाळ, तमालपत्र व पाणी घालून, वर येणारा फेस काढत, पाऊण ते एक तास मंद उकळू द्यावे. दाणा बोटांत सहज चुरडला जाऊन कडा विरघळू लागल्या की डाळीतले पिष्ट (स्टार्च) पाण्यात उतरते आणि दाटपणा आपोआप येतो. मैदा किंवा कॉर्नफ्लोअर लावणे मला तरी अनावश्यक वाटते. टोमॅटो वा लिंबू मात्र शेवटीच घालावे, कारण आंबटपणामुळे डाळ लवकर मऊ होत नाही. फार जुनी डाळ तासाभरानंतरही कडकच राहते, तेव्हा प्रेशर कुकर वापरावा. थंड झाल्यावर सूप आणखी आळते, म्हणून पुन्हा गरम करताना थोडे पाणी घालून ढवळावे.