सौरवीज स्वस्त, मग बिल का उतरत नाही?

प्रश्न : सौरवीज कोळशापेक्षा स्वस्त झाली, असं सगळीकडे वाचतो. ऊन फुकट, वारा फुकट. मग बिल का उतरत नाही? आणि कोळशाचं लोढणं अजून गळ्यात कशाला?

उत्तर : माझी सगळी नोकरी औष्णिक वीजकेंद्राच्या कंट्रोल रूममध्ये झाली, तेव्हा कोळशाची बाजू थोडी जास्त घेईन असं धरूनच वाचा.

दुपारी एकची वीज विचाराल, तर सौरवीज स्वस्तच आहे. २०१० ते २०२० या काळात पॅनेलच्या किमती ९० टक्क्यांच्या आसपास उतरल्या. पण ऊन फुकट असलं तरी भांडवल फुकट नसतं. सौर प्रकल्पात जवळपास सगळा पैसा आधीच ओतावा लागतो. म्हणून व्याजदर चढला की युनिटचा भावही चढतो. कोळशात वीजनिर्मितीचा संच उभारूनही सुटका नाही, कोळशाच्या रेल्वे वाघिणी रिकाम्या करत बसायचं.

खरी गोम संध्याकाळी आहे. ऊन कलतं आणि नेमक्या तेव्हाच घराघरांत दिवे लागतात. दुपारी सौरवीज असताना भार (म्हणजे वीजनिर्मिती) खाली उतरवलेला कोळशाचा संच आता वर खेचायचा. हा काही बटण दाबण्याचा खेळ नाही. भार फार कमी केला की भट्टीतली ज्योत डगमगते, ती टिकवायला तेल जाळावं लागतं. संच बंदच ठेवला, तर टर्बाइनचा तापलेला रोटर (फिरता दांडा) हळूहळू फिरवत ठेवावा लागतो, नाहीतर तो वाकतो. थंड बॉयलर पुन्हा पेटवून पूर्ण भारावर आणायला कित्येक तास जातात आणि रोजच्या गरम-थंडमुळे जाड नळ्यांना तडे जातात. हा खर्च सौरवीजेच्या भावात दिसत नाही, तुमच्या बिलात मात्र येतो. (धरणाचं पाणी हाताशी असेल तर प्रश्न बराच सुटतो, जलविद्युत संच काही मिनिटांत उभा राहतो.)

आता कोळशाचं न फाडलेलं बिल. कोळशाच्या एका युनिटमागे साधारण एक किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. पॅनेल बनवण्यापासूनचा सगळा हिशेब धरला, तरी सौरवीजेचा आकडा शंभर ग्रॅमच्या आतच राहतो. राखेचे तलाव आणि दम्याची औषधं तर कुठल्याच दरपत्रकात नसतात. हे सगळं मांडलं, तर माझं मत नव्या कोळसा संचाच्या विरोधात जातं. जुने मात्र वीज साठवण्याची सोय उभी राहीपर्यंत लागतील. तिथेही घट आहेच : पाणी वर चढवून साठवलं तर १०० युनिटमागे ७० ते ८० परत मिळतात, लिथियम बॅटरीत ८५च्या पुढे.

तेव्हा पुढच्या वेळी कुणी सौरवीजेचा भाव सांगितला, तर तो साठवणुकीसकट आहे का, ते विचारा. कोळशाचा सांगितला, तर धुरातला गंधक काढायचा खर्च धरलाय का, तेही विचारा.