'दिसायला बरी' : कौतुक की नकार?

प्रश्न असा आहे. नागपुरातल्या एका ताईंच्या भाचीला पाहायला काटोलकडचे पाहुणे आले होते. दोन-तीन दिवसांनी मध्यस्थाकडून निरोप आला, "पोरगी दिसाले बरी हाये. कळवतो." यावरून घरात दोन तट पडले. ताईंच्या आई म्हणाल्या, चांगलंच म्हटलंय की. पुण्याहून सून होऊन आलेल्या वहिनी म्हणाल्या, "अहो आई, बरी म्हणजे जेमतेम." तर 'बरी' हे कौतुक धरायचं की नाही? शिवाय भाचीच्या बायोडाटात 'नाकीडोळी नीटस' असं लिहावं का, आणि त्याचा नेमका अर्थ काय, हेही ताईंनी विचारलं आहे.

आधी उत्तर देतो, मग चर्चा. नकार असलाच तर तो 'बरी'त नाही, 'कळवतो'त आहे. 'कळवतो', 'घरच्यांशी बोलून सांगतो', 'पत्रिका अजून एकदा दाखवून घेतो' ही सगळी सख्खी भावंडं. ज्याला होकार द्यायचा असतो तो दुसऱ्या दिवशी सकाळीच फोन करतो आणि साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, कधी ठेवायचं ते विचारतो. 'बरी'बद्दल मात्र ताईंच्या आईही बरोबर आहेत आणि वहिनीही.

'बरा' हा मुळात भारदस्त शब्द. संस्कृत 'वर' म्हणजे निवडण्याजोगा, श्रेष्ठ. त्यापासून तो आला. जुन्या मराठीतला 'बरवा' याच कुळातला, आणि त्याचा अर्थ सुंदर, उत्तम. ज्ञानेश्वरांच्या 'रूप पाहता लोचनी' या अभंगात 'तो हा विठ्ठल बरवा, तो हा माधव बरवा' असं येतं, तिथे विठ्ठल 'ठीकठाक आहे' असं कोणी समजत नाही. ज्या धातूतून हा 'वर' निघाला त्यातूनच नवरदेवाचाही 'वर' निघाला. म्हणजे एकाच खाणीतून मुलाला 'वर' मिळाला आणि मुलीच्या वाट्याला 'बरी' आली. (काही जण 'बरोबर'लाही या नात्यात ओढतात. तो फारसीतून आलेला, वेगळ्या घरचा.)

आज या शब्दाची गंमत अशी की तो कुठे उभा आहे त्यावर त्याची किंमत ठरते. 'आता तब्येत बरी आहे' म्हटलं की माणूस पूर्ण सुधारला. त्याला कोणी 'फक्त बरी?' असं विचारत नाही. 'बरं झालं तू आलास' यात आनंद आहे. कापूस विकून आलेला शेतकरी 'औंदा भाव बरा भेटला' म्हणतो तेव्हा त्याच्या चेहऱ्याकडे बघा, तो हसत असतो. आणि हाच शब्द 'दिसायला'च्या मागे लागला की त्याचं अवसान जातं. 'दिसायला बरी आहे' हे वाक्य कानाला अर्धवट वाटतं, पुढे 'पण' येणार म्हणून ऐकणारा वाट पाहतो.

नागपूर जिल्ह्यातल्या काटोल, नरखेड, उमरेडकडच्या जुन्या माणसांच्या बोलण्यात 'बरी' अजून तितकी घसरलेली नाही, असं माझ्या कानांचं मत आहे. "दिसाले बरी हाये, बोलाले बी बरी हाये" असं एखादी आजी म्हणते तेव्हा तिने मुलगी पास केलेली असते. तिच्यालेखी 'बरी'च्या वरची पायरी सिनेमातल्या बायांसाठी. नागपूर शहरातल्या धरमपेठेत किंवा पुण्यात हेच वाक्य म्हणजे चेहरा पडायचं कारण. ताईंच्या आईंनी निरोप काटोलच्या कानाने ऐकला आणि वहिनींनी पुण्याच्या, एवढाच वाद आहे. मध्यस्थ कुठल्या गावचे ते ताईंनी लिहिलेलं नाही, नाही तर आणखी थोडं सांगता आलं असतं.

'मुलगा बरा आहे' असं म्हणून पाहा. काय समजतं? नोकरी धड आहे, व्यसन नाही, घरचे लोक चांगले आहेत. चेहऱ्याचा विषय डोक्यातही येत नाही. आता 'मुलगी बरी आहे' म्हणा. 'दिसायला' हा शब्द मुद्दाम गाळला तरी ऐकणारा तो मनातल्या मनात घालतो. विशेषण तेच, वाक्य तेच. मुलाच्या बाबतीत ते पगाराकडे जातं, मुलीच्या बाबतीत चेहऱ्याकडे. व्याकरणाच्या पुस्तकात हा नियम सापडणार नाही, पण मराठी बोलणाऱ्या प्रत्येकाला तो पाठ आहे.

घसरलेला शब्द हा एकटाच नाही. 'बेताचं' घ्या. भाजीत तिखट बेताचं असलं की ती जमली. रूप बेताचं म्हटलं की कमीच, आणि परिस्थिती बेताची म्हटली की गरिबी. 'यथातथा' तर त्याहून मजेशीर. संस्कृतात 'यथातथम्' म्हणजे जसं असायला हवं तसं, यथायोग्य. मराठीत 'रूप यथातथाच' म्हणजे सुमार. मधल्या पायरीवरचे आपले बरेच शब्द असे एकेक करून खाली उतरले आहेत. एके काळी साठ टक्क्यांना पेढे वाटत, आज साठ टक्के मिळाले की घरात कोणी कोणाशी बोलत नाही, तसंच काहीसं. माझ्या मते दोष शब्दांचा नाही. निवडीची रांग लागली की 'चांगलं' हे उत्तर पुरत नाही, 'सर्वांत चांगलं' लागतं, आणि त्याच्या खालचं सगळं एकाच टोपलीत जातं. म्हणून 'सगळ्यांत बरा' याचा अर्थ आपल्याकडे 'सगळ्यांत कमी वाईट' असा होऊन बसला आहे.

बायोडाटाचा विषय निघालाच आहे तर त्यातला 'वर्ण' हा रकाना बघू. तिथे चार-पाच ठरलेली उत्तरं असतात : गोरा, निमगोरा, गव्हाळ, सावळा. 'काळा' हे उत्तर मी अजून छापलेलं पाहिलेलं नाही. 'निमगोरा'तला 'निम' फारसी, म्हणजे अर्धा. अर्धा गोरा, मग उरलेला अर्धा कोण, ते विचारायचं नाही. 'गव्हाळ'मध्ये गहू कोणता ते कोणी सांगत नाही. लोकवनचा रंग वेगळा, खपलीचा वेगळा. बहुधा म्हणूनच तो शब्द सोयीचा आहे, त्यात निम्मा महाराष्ट्र बसतो. 'सावळा' हा 'श्यामल'पासून आलेला. देवाच्या बाबतीत लाडाचा, बायोडाटात मात्र सवलतीत दिल्यासारखा. वऱ्हाडीत 'ळ'चा 'य' होतो, त्यामुळे आपल्याकडे गावात 'सावयी' आणि 'कायी' असं ऐकू येतं. तिथे हे शब्द पुष्कळदा नुसती ओळख पटवायला वापरतात, "ते कायी पोट्टी नाही का, तिचा भाऊ," इतक्या सरळपणे. ऐकणाऱ्या पोट्टीला ते सरळ वाटतं की नाही, हे अर्थात कोणी विचारलेलं नसतं.

'वर्ण' हा शब्द पत्रिकेतही आहे आणि तिथे त्याचा कातडीच्या रंगाशी संबंध नाही. गुणमेलनात आठ कूटं असतात : वर्ण, वश्य, तारा, योनी, ग्रहमैत्री, गण, भकूट, नाडी. त्यांना अनुक्रमे एक ते आठ गुण, बेरीज 36. या 36 गुणांत रूपाला एकही गुण नाही. पत्रिकेवर माझा विश्वास नाही, पण ज्यांचा आहे त्यांनी एवढं तरी लक्षात घ्यावं. 'तीस गुण जुळतात हो, पण मुलीचा रंग जरा...' या वाक्यातला 'पण' त्यांच्याच शास्त्रात बसत नाही.

गोरेपणाचे शब्द अलीकडे बदलले आहेत, हेही नोंदवतो. 'फेअर अँड लव्हली' हे क्रीम 1975मध्ये बाजारात आलं आणि 2020मध्ये त्याच्या नावातला 'फेअर' जाऊन 'ग्लो' आला. त्याच वर्षी 'शादी डॉट कॉम'ने त्वचेच्या रंगावरून स्थळं गाळण्याची सोय काढून टाकली. तेव्हापासून 'गोरी' म्हणणं थोडं अडचणीचं झालंय. सीताबर्डीच्या पार्लरच्या पाट्यांवर आता 'ग्लो', 'निखार', 'ब्राइटनिंग' दिसतं, आणि मे महिन्यात सगळ्यात जास्त 'डी-टॅन'. नागपूरच्या नवतपात, म्हणजे मे अखेरीला सुरू होणाऱ्या नऊ कडक दिवसांत, ऊन इतकं असतं की स्कुटीवरच्या मुली दुपट्टा गुंडाळून, गॉगल लावून, हातमोजे घालून निघतात. नुसते डोळे दिसण्याची जागाही गॉगलने घेतलेली. लू लागू नये म्हणून हे शहाणपणाचंच आहे. पण घरातून निघताना आई मागून ओरडते ते 'लू लागेल' असं क्वचित, 'काळी पडशील' असं जास्त. उन्हाने रंग बदलणं याला मराठीत 'रापणं' असा नेमका शब्द आहे आणि 'रापलेला चेहरा' म्हणताना आपण कष्टाचा मान राखतो. तो मान मिळतो फक्त पुरुषांना, आणि तोही कथा-कादंबऱ्यांत. मुलगी रापत नाही, ती 'काळवंडते'. हा फरक कोशात सापडणार नाही.

आता 'नाकीडोळी नीटस'. यातलं 'नाकी' आणि 'डोळी' ही जुनी सप्तमी : नाकात, डोळ्यांत, म्हणजे नाकाडोळ्यांच्या बाबतीत. 'घरी', 'दारी', 'हाती', 'पायी' यांतली ई तीच. 'नाकी नऊ येणे'मध्येही तिचा उरलेला अवशेष आहे. 'नीटस' म्हणजे 'नीट'ला 'स' जोडून झालेलं विशेषण. सरळ, व्यवस्थित, प्रमाणात. वऱ्हाडी माणूस हेच "नाकाडोयानं बरी" असं म्हणेल. म्हणजे अर्थ अगदी साधा आहे : नाक नाकासारखं, डोळे डोळ्यांसारखे, कुठे काही बिघाड नाही. तरीही हा वाक्प्रचार कौतुक म्हणून टिकला, याचं कारण मला असं वाटतं की त्यात रंगाबद्दल अवाक्षर नाही. मुलगी सावळी असली की 'नाकीडोळी नीटस' हमखास येतं. गोऱ्या मुलीच्या बायोडाटात त्याची गरज पडत नाही, तिथे 'गोरी' या एका शब्दावर नाकडोळे आपोआप नीट होतात.

ताईंनी हा वाक्प्रचार लिहावा का? मी लिहिणार नाही. बायोडाटा वाचणारे मुरलेले असतात. 'नीटस' दिसलं की ते लगेच रंगाचा अंदाज बांधतात. त्यापेक्षा अलीकडचा, उजेडात काढलेला साधा फोटो जोडावा आणि वर्णाचा रकानाच गाळावा. रकाना गाळला म्हणून कोणी विचारलंच तर पुढे जायचं की नाही ते तिथेच कळतं.

भाचीला घरी काय म्हणायचं, हे ताईंनी विचारलेलं नाही, तरी एक सांगावंसं वाटतं. 'मनाने सुंदर आहे ती' असं म्हणू नये. हे वाक्य कोणाबद्दल म्हणतात ते भाचीला चांगलं ठाऊक असणार. देखण्या मुलीच्या मनाची चौकशी इतक्या तत्परतेने कोणी करत नाही. 'सगळेच आपापल्या परीने सुंदर' हेही नको, ते ऐकून कोणाचं समाधान झाल्याचं मी पाहिलेलं नाही. त्यापेक्षा मराठीत 'चारचौघींसारखी' हा सरळ शब्द आहे. चारजणी, चौघी, म्हणजे आपण सगळ्या; बाजारात, बसमध्ये, ऑफिसात दिसतात तशा. अट एकच, त्याच्या पुढे 'पण' आणि मागे 'तशी' लावायचं नाही. "आमची मुलगी चारचौघींसारखी आहे, एम.कॉम. झाली आहे, बँकेत आहे," इथे वाक्य थांबतं. घरच्यांनीच 'तशी चारचौघींसारखीच, पण' अशी सुरुवात केली तर काटोलच्या पाहुण्यांना दोष देण्यात अर्थ नाही.

राहता राहिलं लेखन. 'नाकीडोळी' जोडून लिहावं. जुन्या छपाईत 'नाकीं डोळीं' असे अनुस्वार दिसतात, ते आता नकोत. 'नीटस' लिंगाप्रमाणे बदलत नाही, जसं गोंडस, लोभस बदलत नाहीत. मराठीत आकारान्त विशेषणंच बदलतात, म्हणून 'बरा, बरी, बरं' होतं. 'नाकीडोळी नीटस मुलगा' हा प्रयोगही म्हणूनच व्याकरणाने अगदी शुद्ध आहे, फक्त तो मी आजवर एकाही बायोडाटात वाचलेला नाही.