वाचक विचारतात : गावात वाद्यवृंद येतो आहे

प्रश्न : जानेवारीतल्या एका शनिवार-रविवारी आमच्या मंडळाने मुंबईहून ३५ वादकांचा पाश्चात्त्य वाद्यवृंद बोलावला आहे. शनिवारी संध्याकाळचा कार्यक्रम देवळासमोरच्या पटांगणात आहे. दशावताराचा मंच पुरेल का? माइक किती लावायचे? (वाचक, वेंगुर्ले)

उत्तर : तो मंच पुरणार नाही. व्हायोलिनवाल्याला गज मोकळा फिरवायला साधारण सव्वा चौरस मीटर जागा लागते, डबल बास या उभ्याने वाजवायच्या मोठ्या तंतुवाद्याला पावणेदोन, टिंपनीच्या मोठ्या नगाऱ्यांना तर आठ-दहा. निदान ३५ फूट रुंद आणि २० फूट खोल मंच घाला. फळ्यांवर १८ मिलिमीटरचे प्लायवूड ठोका, म्हणजे चेलोची (बसून वाजवायच्या मोठ्या व्हायोलिनची) खालची अणी फटीत अडकणार नाही. जाजम नको, ते आवाज पिऊन टाकते. खुर्च्या बिनहाताच्या, सरळ पाठीच्या हव्यात. मांडववाल्याच्या प्लास्टिकच्या खुर्चीत कोपर अडतो. शाळेतून मागून आणा.

खरी अडचण वाऱ्याची. दुपारी तो समुद्राकडून येतो आणि सूर्यास्तानंतर पडू लागतो. वाऱ्याविरुद्ध जाणारा आवाज वर वळतो, मागच्या रांगांपर्यंत पोचतच नाही. म्हणून मंच पश्चिमेला, श्रोते पूर्वेला ठेवा आणि सुरुवात सातला करा. मंचामागे कापडी पडद्याऐवजी आठ फुटी प्लायवूडची भिंत उभारा. ती वारा अडवते, शिवाय आवाज पुढे ढकलते. प्रत्येक नोटेशन स्टँडला, कागद उडू नयेत म्हणून, कपडे वाळत घालायचे दोन चिमटे द्या आणि एक छोटा दिवाही.

श्रोते दोन-तीनशे असतील तर माइकशिवाय निभावते. त्याहून जास्त असतील तर कंडक्टरच्या, म्हणजे वाद्यवृंदाच्या संचालकाच्या, मागे उंचावर दोन कंडेन्सर माइक लावा, आवाज बेताचाच. प्रत्येक वाद्याला माइक लावला की तोल सांभाळणे कंडक्टरच्या हातून साउंडवाल्याकडे जाते, आणि वाद्यवृंदाचा सगळा जीव त्या तोलातच असतो. जनरेटर वारा जातो त्या बाजूला, मांडवापासून शक्य तितका लांब. रात्री दहाच्या आत संपवा. ध्वनिप्रदूषण नियमांनुसार उघड्यावर दहानंतर वाद्येही चालत नाहीत, नुसते भोंगेच नव्हे.

प्रश्न : आमच्या उष्ण, दमट हवेत वाद्ये बेसूर होतात का? (वाचक, देवगड)

उत्तर : होतात. उष्णतेने तारा सैल पडून स्वर उतरतो, तर बासरी-क्लॅरिनेटमधली हवा तापली की स्वर चढतो. दोन्ही गट उलट दिशांना जातात, म्हणून ओबो या फुंकवाद्याच्या ४४० हर्ट्झच्या स्वरावर पुन्हा पुन्हा मिळवावे लागते. मध्यंतरानंतरही तेवढा वेळ राखून ठेवा. व्हायोलिन प्राणिज सरसाने जोडलेले असते आणि उन्हात उभ्या गाडीत तो सरस मऊ होऊन सांधे उकलतात. वाद्ये सावलीतल्या, हवेशीर खोलीत उतरवा. एसी खोलीत ठेवली असतील तर पेट्या अर्धा तास आधी बाहेर आणून बंदच राहू द्या, नाहीतर थंड लाकडावर दव धरते.

प्रश्न : संध्याकाळच्या कार्यक्रमाशिवाय वाद्यवृंद ऐकायला शनिवारी सकाळी शाळकरी मुले आणि रविवारी ज्येष्ठ नागरिक येणार आहेत. तोच कार्यक्रम तीनदा चालेल का? (वाचक, मालवण)

उत्तर : चालवू नका. मुलांसाठी पाऊण तास पुरे. पहिली दहा मिनिटे एकेक वाद्य ऐकवा, मग रशियन संगीतकार प्रोकोफिएव्हची १९३६ची ‘पीटर अँड द वुल्फ’ घ्या. साधारण २५ मिनिटांची ही रचना मुलांसाठीच लिहिलेली आहे : पक्षी म्हणजे बासरी, बदक ओबो, मांजर क्लॅरिनेट, आजोबा बॅसून, लांडगा तीन हॉर्न. तीन हॉर्न येणार आहेत ना, हे आधीच विचारा. निवेदन मालवणीत केलेत तर मुले हरखून जातील, पण निवेदकाने कंडक्टरसोबत एक तालीम केलीच पाहिजे, कारण त्याची वाक्ये ठरलेल्या जागांवरच पडतात. नंतर मुलांना वाद्ये जवळून पाहू द्या, गजाच्या केसांना मात्र हात लावू देऊ नका. बोटांचे तेल लागले की राळ धरत नाही.

ज्येष्ठांसाठी सकाळी दहाला, सावलीत, फक्त तंतुवाद्यांचा तासाभराचा कार्यक्रम ठेवा. बऱ्याच श्रवणयंत्रांत संगीतासाठी वेगळी सेटिंग असते, ती लावून यायला निमंत्रणातच सांगा.